रजा मंजूर

६ जानेवारी

प्रिय टिल्लू,

त्रेपन्न वर्षांच्या माणसाला टिल्लू म्हणू नये, कळतं मला. पण कागदोपत्री नावानं सुरुवात केली तर ते पत्र बँकेनं पाठवल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

बाबा गेले. आज आठवा दिवस.

फोन केला होता. माझ्याकडचा तुझा नंबर आता कुणा दुसऱ्याच माणसाचा आहे, तो बिचारा 'सॉरी' म्हणाला. वहिनीचा नंबर माझ्याकडे कधी नव्हताच. हा पत्ता नऊ वर्षांपूर्वीचा, आई गेली तेव्हा तू पाकिटावर लिहिलेला. तिथं अजून राहत असशील तर हे पोचेल.

त्रास काही झाला नाही. घरी, आपल्या अंथरुणात, झोपेत गेले. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली होती. डॉक्टर म्हणाले, असं मरण मागून मिळत नाही.

लिहिण्याचं दुसरं कारण असं, की डोंगर चढणाऱ्यांच्या भटके मंडळाचे सेक्रेटरी येऊन गेले. बाबा त्यांचे सगळ्यांत जुने सभासद. २२ फेब्रुवारीला त्यांच्या हॉलमध्ये सभा आहे, तिथं वाचायला बाबांवर पानभर काहीतरी लिहून हवंय. मी 'हो' म्हणून बसले. तीन दिवस झाले, कागद कोरा आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या रेघांवर रेघा ओढल्या मी ड्रॉइंग ऑफिसात, स्वतःची रेघ ओढायची म्हटलं की पेन्सिलच तासत बसते.

काय लिहू? पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं, त्यांतली एकोणीस पर्सोनेल मॅनेजर. पर्सोनेल मॅनेजर म्हणजे काय, असं शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा तू सांगितलं होतंस, "माझे बाबा माणसं घेतात आणि ठेवतात." बाईंनी विचारलं, "कुठं ठेवतात रे?" तू म्हणालास, "फाउंड्रीत." आई हा किस्सा मरेपर्यंत सांगत होती.

नोकरीला आलेल्या माणसाला बाबा खुर्चीत बसवायचे नाहीत. चला म्हणायचे, आणि कारखान्याच्या आवाराला दोन फेऱ्या मारायच्या. "माणूस बसून खोटं बोलू शकतो, चालता चालता नाही," हे त्यांचं तत्त्व. केबिनच्या खिडक्या बारा महिने उघड्या. थंडीत युनियनचे लोक वाटाघाटीला कोट घालून यायचे. त्यांनीच नाव पाडलं, 'मोकळी हवा'. समोर साहेब, पाठीमागे मोकळी हवा.

आणि रविवार. रविवारी हा माणूस घरात दिसायचाच नाही. आई म्हणायची, "तुझे बाबा घरात पाहुणे आणि डोंगरात घरमालक." आपल्याला उठवून, तोंडात पाव कोंबून, टेकडीच्या पायथ्याला सातच्या आत. आई खडकावर बसून विणकाम करायची, आपण दोघं त्यांच्या मागे. तू सारखं विचारायचास, अजून किती. ते सांगायचे, "एक वळण." दर वेळी एकच वळण.

नदीकाठी तंबूत तीन दिवस राहिलो होतो, तू सर्दीनं बेजार आणि बाबांनी तुला पाठीवर घेऊन नदी ओलांडली, ते साल कोणतं? मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव. तेवढंच कळवलंस तरी चालेल.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

प्रिय टिल्लू,

कार्ड मिळालं. साल काही लिहिलं नाहीस. दोनच वाक्यं: 'फिटरकाकांशी फोनवर बोललो. बाबा घरात गेले नाहीत म्हणतात, खरं काय ते लिही.'

अक्षर बदललंय तुझं. बारीक झालंय.

लिहिते. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणणार होते. पण तुझ्या वाटण्याची काळजी मी इतक्या वर्षांत कधी केली होती?

बाबांना चार वर्षांपासून विसरण्याचा आजार होता. हे तुला कुणीच कळवलं नाही, म्हणजे मी कळवलं नाही. सुरुवातीला हसण्यावारी नेलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, चहात मीठ पडायचं. मग एकदा टेकडीवरून उतरताना वाट चुकले. ज्या टेकडीवरच्या दगडांना त्यांनी नावं दिली होती, त्या टेकडीवर! फिटरकाकांनी हात धरून घरी आणलं. दारात उभे राहून म्हणाले, "ताई, आजपासून साहेबांना एकटं सोडू नका."

तुला फिटरकाका म्हणजे आवाज चढवून बोलणारा, युनियनच्या बैठकीत टेबलावर पाना आपटणारा माणूस आठवत असेल. ते बाबांचे मित्र कसे झाले, हे तुला ठाऊक नाही. तू तोवर गेला होतास.

कपातीत एकशे ऐंशी माणसं गेली. तूही गेलास. सगळ्यांनी तेव्हा तो विनोद केला, की मोकळ्या हवेनं शेवटी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढलं. बाबांनी एकही पत्र पोस्टानं पाठवलं नाही. एकेकाला केबिनमध्ये बोलावून हातात दिलं. अकरा दिवस लागले. अकरा दिवस घरी येऊन ते नुसते हात धूत राहायचे. आणि त्यानंतर दर रविवारी, डोंगराऐवजी, त्या माणसांच्या घरी जायला लागले. नोकरी लागली का, घरचं कसं चाललंय, दुसऱ्या कारखान्यात शब्द टाकू का. काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावलं. फिटरकाकांनी अंगावर कुत्रं सोडलं. ते बाबांच्या पोटरीला कडाडून चावलं. रक्त पुसायला फडकं आणून देताना फिटरकाका म्हणाले, "पुढच्या रविवारी आलात तर पुन्हा सोडीन." बाबा पुढच्या रविवारी गेले. कुत्रं शेपूट हलवत आलं. फिटरकाकांची चिडचिड झाली, म्हणाले, "हेही तुमच्याच बाजूचं निघालं!" मग दोघं चालायला गेले. ते जे चालायला लागले ते वीसेक वर्षं चालत होते.

तुझ्या घरीही बाबा आले असते. तुझं घर त्यांना माहीत नव्हतं.

आता डिसेंबरचं लिहिते. त्याआधी बाबा तीनदा हरवले होते. एकदा बसस्टँडवर, एकदा बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी, एकदा तर चौदा किलोमीटरवर, पायात एकच बूट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाराला वरच्या बाजूला कुलूप बसवा, त्यांच्या लक्षात येणार नाही असं." बसवलं. ज्या माणसाला चार भिंतींत गुदमरायचं, त्याला दोन खोल्यांत ठेवलं मी. खिडकीशी खुर्ची मांडली. बाहेरच्या पक्ष्यांची नावं सांगायचे. आधी बरोबर, मग चुकीची, मग कावळ्याला नुसतं "तो".

त्या दिवशी, २९ डिसेंबरला, कुलूप लावायचं राहून गेलं. सकाळी दहाच्या सुमाराला ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरकाकांना सापडले, नदीच्या वळणावर, झाडाला टेकून बसलेले. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडली होती. अंगावर जखम नव्हती, झटापट नव्हती. झोपेत गेले हे मी लिहिलं ते अगदीच खोटं नसावं.

पोलिसांनी जबाब घेतला. चूक माझी, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, चार वर्षांत एकदा राहणारच. मनाला लावून घेऊ नका."

तुझं नाव यादीत कसं आलं ते तुला माहीतच आहे, त्यावर मी काय लिहू? त्यांनी स्वतःच्या मुलाला वगळलं असतं तर एकशे ऐंशी लोकांपुढे कोणत्या तोंडानं बसले असते? तू म्हणाला होतास, "स्वतःचं नाव राखायला पोटच्या पोराचा बळी दिला." तसंच असेल.

ताई


३ फेब्रुवारी

टिल्लू,

या वेळी तुझं कार्ड नाही, काही नाही. बरोबर आहे. पण मंडळासाठी पान लिहायला घेतलं, आणि 'तत्त्वनिष्ठ' हा शब्द लिहून मी त्याच्यावर तासभर बघत बसले. गेल्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मला जेवू देत नाहीत. 'तसंच असेल' असं मी लिहिलं. तसं नव्हतं.

तुला मॅनेजमेंटचा नियम कधी कुणी सांगितला नाही, कारण तो कागदावर नव्हता. अधिकारी सोडून एका घरातली दोन माणसं कामाला असतील तर एकालाच ठेवायचं. असली सत्तावीस घरं होती. सव्वीस घरांत कुणाला ठेवायचं ते खातेप्रमुखांनी ठरवलं. आपल्या घराचं बाबांवर सोडलं. तू मशीन शॉपमध्ये, मी ड्रॉइंग ऑफिसात.

तुझं काम सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या हाताला जे कसब होतं ते माझ्या हाताला नव्हतं. वहिनीला सातवा महिना. माझं म्हणशील तर लग्न मोडून मी परत आलेली, बत्तीस वर्षांची, आईबाबांच्या मधल्या खोलीत झोपणारी. कुणीही, अगदी कुणीही, तुलाच ठेवलं असतं. बाबांनीही तुलाच ठेवलं होतं. यादी टाइप व्हायला जायच्या आदल्या शुक्रवारी मी ती त्यांच्या टेबलावर पाहिली. माझं नाव होतं.

मी केबिनचं दार लावलं. मग खिडकी लावली. इतक्या वर्षांत त्या खिडकीला हात लावणारी मी पहिली. बाबा बघत राहिले.

मी म्हटलं, "त्याला कुठंही काम मिळेल. मला कोण घेणार?"

"त्याची बायको दिवसांत आहे."

"म्हणजे त्याच्याजवळ माणूस आहे. येणारही आहे. माझ्याजवळ एक टेबल आहे, बाबा. तेवढंच."

त्यांनी यादी पालथी घातली. मग विचारलं, "हे तू मुलगी म्हणून सांगतेयस, की कर्मचारी म्हणून?"

"दोन्ही म्हणून."

"कर्मचारी म्हणून आलेल्याला मी नाही म्हणू शकतो."

"म्हणून तर दोन्ही म्हटलं."

आणि मग मी एक वाक्य बोलले, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, "तुम्ही मला काढलंत तर मी जगणार नाही." ते खरं नव्हतं. मला जगायचं होतं, भरपूर. पण लग्न मोडल्यावर मी एकदा गोळ्या खाल्ल्या होत्या, ते तुला कधी कळू दिलं नव्हतं, बाबांना मात्र ठाऊक होतं. हे वाक्य कुठं जाऊन लागेल याचा मी नेम धरला होता.

ते म्हणाले, "मला दोन दिवस दे."

त्या रविवारी ते एकटेच डोंगरात गेले. दिवस मावळताना आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि न जेवता आडवे झाले. सोमवारी यादी टाइपला गेली. मंगळवारी तुला बोलावलं. तुझा आवाज मला ड्रॉइंग ऑफिसात ऐकू येत होता. मी पंपाच्या झडपेचं ट्रेसिंग करत होते. हात थांबवला नाही.

त्याच दिवशी घरी त्यांनी मला बाजूला घेतलं. "त्याला हे कधी कळता कामा नये. राग करायचाच असेल तर माझा करू दे. मी किती दिवसांचा? तुम्ही दोघं एकमेकांना पुरायचे आहात."

सव्वीस वर्षांत मी तुला नऊ पत्रं लिहिली. हे धरून बारा. असे पुरलो आपण एकमेकांना.

आणि ते टेबलही तीन वर्षांत गेलंच. कारखाना बंद झाला, माझं पत्र मला पोस्टानं आलं. बाबा तोवर निवृत्त झाले होते. पाकीट बघून म्हणाले, "निदान हातात तरी द्यायचं." माझ्या जागी तू असतास तर तीन वर्षांनी तुलाही तेच मिळालं असतं. पण ती तीन वर्षं तू घरी असतास. तुझी मुलगी या घरात रांगली असती. बाबांनी तिला खांद्यावर बसवून टेकडी चढवली असती. मी ते नेलं, आणि त्या बदल्यात काय केलं? झडपा काढल्या.

आईला हे माहीत होतं का, ते मला ठाऊक नाही. तिनं मला कधी विचारलं नाही, आणि शेवटच्या आजारात माझ्या हातून औषधही घेतलं नाही. बाबांच्याच हातून घ्यायची.

ताई


११ फेब्रुवारी

टिल्लू,

एकदा लिहायला लागलेय तर शेवटपर्यंत लिहू दे. हे वाचून तू पोलिसांकडे गेलास तर माझी तक्रार नाही.

कुलूप लावायचं राहून गेलं नव्हतं.

शेवटच्या दोन वर्षांत बाबांना घर हा कारखाना वाटायचा आणि मी टाइम ऑफिसमधली बाई. बाहेर पडायचं तर गेट पास लागतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. दाराची ओढाताण त्यांनी कधी केली नाही. ते रीतसर अर्ज लिहायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर: 'एक दिवसाची रजा मिळावी. कारण: बाहेर जायचे आहे.' मग माझ्यासमोर उभे राहायचे, बटणं लावून.

पहिल्या वेळी मला सुचेना, मी खाली 'नामंजूर' लिहिलं आणि सही केली. त्यांनी वाचलं. "ठीक आहे. पण कारण लिहिलंत तर बरं, बाई. कर्मचाऱ्याला कारण कळण्याचा हक्क आहे." मी लिहिलं, 'कामाचा ताण.' ते मान हलवून खुर्चीत जाऊन बसले. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यानंतर तीच युक्ती धरली. ओरडावं लागत नव्हतं, ओढावं लागत नव्हतं. जन्मभर नियम पाळणाऱ्या माणसाला मी त्याच्याच नियमात कोंडलं. शेजारीण म्हणाली, "किती शांत आहेत हो तुमचे वडील!"

त्या आठवड्यात मी किती झोपले असेन, सांगता येत नाही. ते रात्री तीन-चारदा उठायचे, कपडे खराब व्हायचे, धुवायचे, पुन्हा तेच. तुझ्यावर ढकलत नाही. तुला बोलवायला हवं होतं, तर बोलवायचं कोणत्या तोंडानं? तू आला असतास तर बाबांच्या तोंडून काही निसटलं असतं. आजारी माणसाला गुपित कुठं राखता येतं? तुला न कळवण्याचं खरं कारण ते होतं.

सकाळी दहा वाजता ते समोर आले. स्वतः दाढी केलेली, एके ठिकाणी कापलेलं. बूट बरोबर पायांत, नाड्या बांधलेल्या. कित्येक महिन्यांत जमलं नव्हतं ते. कागद पुढे केला.

"बाई, माझा हा कितवा अर्ज आहे, बघा जरा रजिस्टरमध्ये."

मी कागद घेतला.

"मी तक्रार करत नाही. पण हे कुणातरी वरच्या माणसाच्या कानावर घाला. इथं हवा येत नाही."

मी पेन घेतलं. 'मंजूर' लिहिलं. सही केली.

त्यांनी दोनदा वाचलं. "परत किती वाजता यायचं?"

"तुम्ही ठरवा."

"असं नसतं, बाई. वेळ घाला."

मी लिहिलं, 'संध्याकाळी पाच.' त्यांनी कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. मी स्टूल घेतलं, वरचं कुलूप काढलं, दार उघडलं. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. "आभारी आहे. तुमची अडचण मला कळते," म्हणाले.

मी त्यांना खिडकीतून बघितलं. आजारी माणसासारखे चालत नव्हते. कोपऱ्यावर क्षणभर थांबले, वर बघितलं, आणि नदीच्या बाजूला वळले.

मी मागून जाणार होते. कोट हातात घेतला होता. त्यांना थोडं पुढे जाऊ द्यायचं, लांबून चालायचं, दुपारी हाताला धरून आणायचं, असं मनात होतं. मग घरातली शांतता ऐकू आली. चार वर्षांत पहिल्यांदा. पाच मिनिटं बसावं म्हणून बसले, आणि झोप लागली. झोप लागली हे खरं. पण डोळे मिटण्याआधी मी उठून पलंगावरची शाल आणली आणि पायांवर घेतली, हेही खरं.

जाग आली तेव्हा अडीच वाजले होते. आणि मी तेव्हाही गेले नाही, टिल्लू. पाच वाजेपर्यंत बसून राहिले. पासवर पाच लिहिलं होतं, ते पाचला येतील, ते कधी उशिरा येत नाहीत, असं स्वतःला सांगत बसले. सव्वापाचला फिटरकाकांना फोन केला, तेव्हा बाहेर ऊन उतरून गारठा पडायला लागला होता.

सकाळी ते सापडले तेव्हा पोलीस यायच्या आधी फिटरकाकांनी त्यांचे खिसे बघितले. कागद काढला, वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग माझ्या हातात दिला. "हा तुमचा असावा," म्हणाले. एवढंच. त्यानंतर ते आपल्या घरी आलेले नाहीत. त्यांनी पोलिसांना सांगितलं नाही, आणि माझ्याशी बोलतही नाहीत.

मंडळासाठी पान लिहून झालंय. त्यात यातलं काही नाही.


२ मार्च

प्रिय टिल्लू,

सभेला तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मी वाचायला उभी राहिले आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बाबा बसलेले दिसले. केस तसेच गेलेले, मान तशीच पुढे काढलेली. मग तू चष्मा काढलास. त्यानंतर मी काय वाचलं ते मला आठवत नाही. फिटरकाका तुझ्याशेजारी होते. लोक म्हणतात, चांगलं झालं.

घरी आलास. बाबांच्या खुर्चीत बसला नाहीस, स्टुलावर बसलास. ते कोणतं स्टूल, मी सांगितलं नाही. चहा गार होईपर्यंत कप नुसता हातात फिरवत होतास. मी दुसरा करायला उठले तर म्हणालास, "बस गं." सव्वीस वर्षांनी कुणी मला 'गं' म्हटलं.

तू म्हणालास, "मी सव्वीस वर्षं चुकीच्या माणसाचा राग केला, ताई. आता नव्यानं तुझा करायला माझ्यात दम नाही."

मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू मुलीचा फोटो दाखवलास. ती डोंगर चढते म्हणालास, दर सुट्टीला, कुणी शिकवलं देव जाणे. वहिनीची तब्येत सांगितलीस. कार्डवर साल का लिहिलं नव्हतं तेही सांगितलंस, तुलाही ते आठवत नव्हतं. आपण दोघं हसलो. आणि निघताना, एक हात कोटाच्या बाहीत घालून झाल्यावर, तू विचारलंस,

"शेवटी शेवटी माझी आठवण काढायचे का?"

मी म्हटलं, "रोज."

तू कोट तसाच अर्धा ठेवून माझे हात धरलेस. तुझं रडणं मी तू दहा वर्षांचा असताना शेवटचं पाहिलं होतं. "मग ठीक आहे," म्हणालास, तीन-चारदा. "मग ठीक आहे, ताई." उन्हाळ्यात मुलीला घेऊन येईन म्हणालास. मी जिन्यापर्यंत आले, वर परतले, आणि आठ दिवस त्या 'रोज'वर जगले. भांडी घासताना गुणगुणत होते चक्क.

पण बाबांनी माझ्यासाठी जे खोटं सव्वीस वर्षं सांभाळलं, त्यानं आपलं काय झालं ते बघितलंयस. मला दुसरं तसलं सांभाळायचं नाही.

त्यांनी तुझं नाव काढलं नाही. रोज नाही, एकदाही नाही. दोन वर्षांत माझंही नाही. मी 'बाई' होते. आईचंही गेलं होतं. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत राहिली. दुपारी खुर्चीत डोळे मिटून ते हजेरी घ्यायचे. कामगारांचे टोकन नंबर, फाउंड्रीपासून पॅकिंगपर्यंत, क्रमानं. दर नंबरनंतर थांबायचे, जणू पलीकडून कुणी 'हजर' म्हणतंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम टाकून जवळ जाऊन बसले. तुझा अकराशे एकेचाळीस. मला पाठ आहे, आपल्या घराच्या किल्लीला तुझं जुनं टोकन कितीतरी वर्षं होतं.

ते म्हणाले, "अकराशे चाळीस." थांबले. मग म्हणाले, "अकराशे बेचाळीस."

मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. तिसऱ्या दिवशी ऐकलं. पुढे कित्येक महिने ऐकलं. बाकी नंबर कधी मागेपुढे व्हायचे, कधी दोनदा यायचे. तो एक कधीच आला नाही. विसरले होते म्हणून की उच्चारवत नव्हता म्हणून, हे मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्याही काही सांगू शकल्या नाहीत. तुला बरं वाटावं म्हणून मी त्यातलं एक निवडून देऊ शकले असते. त्या दिवशी दारात तेच केलं.

उन्हाळ्यात यायचं की नाही, ते आता हे वाचून ठरव. मुलीलाही सांग. मी रेल्वेच्या वेळापत्रकाकडे बघणार नाही.

तुझी,
ताई